कडेवरचं गाव

एका गावात एक सुतार होता. हात कसबी, पण डोकं तापायला वेळ लागत नसे. आणि त्या गावात ते रोजच तापायचं. गावाची रीतच तशी होती. मूल पाच-सहा वर्षांचं घोडं झालं तरी त्याला कडेवरून उतरवायचं म्हणून नाही! पाय दुखतील, माती लागेल, दृष्ट लागेल. सुताराची पाच वर्षांची लेक ठकू घराच्या तीन पायऱ्या चढली तरी धापा टाकायची.

वैद्यबुवा म्हणाले, "औषध कसलं मागतोस? पोरीला पळू दे. नाहीतर पाय असेच कच्चे राहतील."

सुतार धसकला. आठ दिवस खपून त्याने देवळामागच्या माळावर अडथळ्यांची वाट तयार केली. ओंडक्यावरून उडी, बुटक्या फळीवर तोल सांभाळणं, दोरीखालून सरपटणं. मग दवंडी पिटवली, "पोरं घेऊन या!"

गाव आलं. पोरं घेऊनच आलं, कडेवर! आणि तशाच आया ओंडके ओलांडू लागल्या, बाप फळीवरून डुगडुगत चालले. एक जाडजूड आजोबा तर नातवाला छातीशी धरून दोरीखालून सरपटले आणि धापा टाकत म्हणाले, "बघा, आमच्या बाळाने कशी झटक्यात पार केली!" बाळ जांभया देत होतं.

"अहो, त्याला खाली ठेवा ना!" सुतार ओरडला.

"आणि पडला म्हणजे?"

"पडू दे की! वीतभर तर उंची आहे!"

"कसला बाप आहेस रे तू?"

सुताराने कपाळावर हात मारून घेतला. या लोकांपुढे किती डोकं फोडायचं? त्याने घरून धान्य साठवायची अरुंद कणगी आणली, तिचं बूड कापलं आणि ती वाटेत आडवी टाकली. आता मुलानेच आत शिरायचं. आजोबांनी तरीही प्रयत्न केला. ते खांद्यापाशी अडकले आणि दोघांनी पाय धरून त्यांना बाहेर ओढलं.

पोर खाली ठेवायला कोणी तयार होईना. शेवटी सुताराने ठकूला उतरवलं. ती आत शिरली आणि मध्येच थांबली.

"बाबा, अंधार आहे! मला घे ना!" ती रडू लागली.

सुतार कणगीकडे धावला. हात आपसूक कुऱ्हाडीवर गेला.

"फोड रे, फोड लवकर!" सगळं गाव ओरडलं.

ते ऐकून सुतार थबकला. त्याला स्वतःचाच संताप आला. इतका वेळ गावावर खेकसलो, आणि पोर रडताच मीही तेच करायला निघालो! त्याने कुऱ्हाड फेकली आणि कणगीच्या दुसऱ्या तोंडाशी तो पालथा पडला.

"ठकू, मी इथे आहे. तू ये."

बराच वेळ नुसते हुंदके ऐकू आले. मग खरवडल्याचा आवाज आला. मग धुळीने माखलेलं एक डोकं बाहेर आलं. सुताराने तिला उचलायला हात पसरले, तर ठकू त्याच्या हाताखालून निसटली आणि पुन्हा कणगीकडे धावली.

ते पाहून कडेवरची सगळी पोरं लाथा झाडू लागली.

तात्पर्य: मुलांचे अडथळे आपणच ओलांडत बसलो, तर पाय आपलेच बळकट होतात.