टाक्यात अडकलेला पदर

तांबडेवाडीच्या ओढ्याकाठी, मारुतीच्या देवळात श्री येरझारे महाराजांचा मुक्काम होता. महाराजांचे खरे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. ते कधी एका जागी बसत नसत. देवळापासून समोरच्या दवाखान्यापर्यंत आणि दवाखान्यापासून देवळापर्यंत दिवसभर येरझारा घालत, म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिले. नावे ठेवायला आपले लोक देवालाही सोडत नाहीत, मग संतांची काय कथा! कुणी म्हणाले, "महाराज, घटकाभर टेका की," तर महाराज म्हणत, "टेकतो बाबा. पण तिकडे कुणीतरी तळमळतंय. त्याचा डोळा लागला की टेकतो."

दवाखान्याच्या टोकाला एक खोली होती. डॉक्टरांनी हात टेकले की रोग्याला त्या खोलीत हलवत. गावातली माणसे त्या बाजूने जाताना मान वळवून जात. महाराजांच्या येरझारा मात्र त्याच खोलीच्या उंबऱ्यापाशी जाऊन परत फिरत.

एका हिवाळ्यात ओढ्यावर दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या ठकूबाईची लेक त्या खोलीत होती. बाहेर कडाक्याची थंडी, आणि खाटेवर एक विरलेली चादर. ठकूबाईने आपल्या लुगड्याचा पदर लेकीच्या अंगावर टाकला होता. पदर तो केवढा! छाती झाकावी तर पाय उघडे. लेक तशीच गेली. महाराज उंबऱ्यात उभे होते. त्यांनी अंगावरची छाटी काढून त्या पोरीवर घातली आणि तसेच उघड्या अंगाने गावात शिरले. दारोदार जाऊन म्हणाले, "जुनं लुगडं द्या, जुनं धोतर द्या. माणूस जाताना गारठून जाऊ नये."

तेव्हापासून देवळाच्या मंडपात गोधड्या शिवल्या जाऊ लागल्या. घरोघरची जुनेरी यायची, बायका दुपारी गोळा होऊन शिवायच्या, आणि गोधडी शेवटच्या खोलीतल्या रोग्याच्या अंगावर पडायची. तो गेला की घरच्यांनी ती घरी न्यायची, असा महाराजांचा दंडक होता. प्रथम लोक कचरले. गेलेल्या माणसाचे पांघरूण घरात कसे न्यायचे? महाराज म्हणाले, "ज्याला जन्मभर कवटाळलंत, त्याची ऊब एका दिवसात विटाळली होय?" मग लोक गोधड्या घरी नेऊ लागले.

या बायकांमध्ये सगुणाबाई सरंजामे यांचा मान मोठा. मोठ्या घरच्या, आणि हात असा की टाके म्हणजे मुंग्यांची रांग. त्या पदर कमरेला गच्च खोचून बसत, अंगावरच्या इरकली लुगड्याला एक चुणी पडू देत नसत. गुण होता, पण गुणाचा ताठाही होता. दुसरीकडे ठकूबाई. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला, धुण्याने बोटे फुटलेली. तरी ती रोज यायची, कोपऱ्यात बसायची, आणि रामनाम घेत टाका टाकायची. तो टाका कुठे पडे हे त्या रामालाच ठाऊक!

एके दुपारी सगुणाबाईंनी तिची गोधडी ओढून घेतली आणि सगळ्यांना दाखवली. "ठके, हे टाके आहेत की दारुड्याची पावलं? ही अंगावर पडली तर मरायला टेकलेला माणूससुद्धा उठून पळेल!"

मंडपभर हशा पिकला. ठकूबाईही हसली. म्हणाली, "पळंल तर लईच ब्येस हाय की, बाई."

सगुणाबाईंना ते झोंबले. त्यांनी भराभर टाके उसवले आणि दोऱ्याचे तुकडे फेकून दिले. ठकूबाईचे डोळे भरले. महाराज येरझारा घालत तिथून चालले होते. ते थांबले, वाकले, एकेक तुकडा वेचला, गाठीला गाठ मारली आणि तो दोरा ठकूबाईच्या हाती दिला. "माय, हाच ओव. हा वाया जायचा नाही."

प्रसाद मिळाल्यासारखा ठकूबाईने तो कपाळाला लावला. सगुणाबाई मात्र शेजारणीला म्हणाल्या, "गाठींचा दोरा! ही शिवणार आणि ते टिकणार!"

भाविकहो, बोलणाऱ्याची जीभ चालते, पण पुढे काय वाढून ठेवले आहे ते तिला कुठे दिसते?

त्याच वर्षी पौषात सगुणाबाईंचा एकुलता एक मुलगा श्रीनिवास परगावाहून आजारी होऊन घरी आला. छातीचे दुखणे. औषधे झाली, काढे झाले, नवस झाले. शेवटी डॉक्टरांनी मान खाली घातली आणि श्रीनिवासला टोकाच्या खोलीत हलवले. ज्या खोलीसाठी सगुणाबाईंनी इतक्या गोधड्या शिवल्या, तिच्या आत त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल ठेवले.

त्यांनी आपल्या हातची सगळ्यात देखणी गोधडी आणून मुलाच्या अंगावर घातली. त्याने ती भिरकावून दिली. दुसरी घातली, तीही खाली. श्रीनिवासचे डोळे मिटलेले, पण हातांना क्षणभर चैन नव्हते. बोटे चादरीवर फिरत, कड चाचपत, हवेत काहीतरी धरू पाहत. पाणी दिले तर मान फिरवी. हात हातात घेतला तर सोडवून घेई आणि पुन्हा शोधू लागे. सगुणाबाई खाटेच्या या अंगाने त्या अंगाला होत होत्या. "काय हवंय रे तुला? सांग ना! काय हवंय?" बाहेर महाराजांच्या येरझाराही वाढल्या होत्या. पोर जाणार हे त्या माउलीला कळून चुकले होते. पण असे तळमळत जावे? एवढेच तिला सोसवत नव्हते.

दुपार कलली तशा त्या धावतच देवळात आल्या. "एखादी गोधडी द्या गं. कुठलीही. माझ्या काही अंगाला लागू देत नाही तो."

तयार अशी एकच होती. ठकूबाई तिचा शेवटचा टाका घालून दोरा तोडत होती. "दे ती, ठके, लवकर!" ठकूबाई लगबगीने उठली, आणि गोधडीही तिच्याबरोबर उठली! मांडीवर घेऊन शिवता शिवता तिने आपल्याच लुगड्याचा पदर गोधडीच्या कोपऱ्याला शिवून टाकला होता.

बायका आधी दचकल्या, मग कुणीतरी फिस्सकन हसले. सगुणाबाईंचा तोल सुटला. "दिसत नाही तर सुई धरतेस कशाला? माझा मुलगा तिकडे जातोय गं!" त्यांनी कात्री घेतली. कात्री चालली, पण दोरा कापेना. गाठीगाठींचा तो कुचका दोरा, दाताने तुटावा असा! सगुणाबाईंनी पुन्हा जोर लावला, सुईच्या टोकाने टाका उचलून पाहिला. ज्यांनी त्याच दोऱ्याचे टाके भराभर उसवले होते, त्यांच्या हातून आज एक टाका उसवेना. पदरच कापावा म्हटले, तर कात्री जुनेराच्या काठावरूनही घसरू लागली. सगुणाबाई घामाघूम झाल्या.

महाराज मंडपाच्या पायरीशी येऊन थबकले. म्हणाले, "माय, गोधडी हवी ना? मग तिला जे लागलंय तेही घेऊन चल."

दुसरा उपाय नव्हता. पुढे गोधडी पोटाशी धरलेल्या सगुणाबाई आणि मागे पदराने बांधलेली, धडपडणारी ठकूबाई, अशा दोघी दवाखान्याकडे निघाल्या. वाटेत वाण्याच्या दुकानापाशी माणसे बघत राहिली. एरवी सगुणाबाई लाजेने मेल्या असत्या. आज त्यांना लाजायलाही सवड नव्हती.

खोलीत गोधडी श्रीनिवासच्या अंगावर घातली. ठकूबाईला खाटेच्या कडेला टेकावेच लागले. श्रीनिवासचे हात त्या वेड्यावाकड्या टाक्यांवरून फिरू लागले. फिरता फिरता कोपऱ्यापाशी गेले, तिथे लोंबणारा पदर बोटांना लागला, आणि हात थांबले. त्याने पदराचे टोक मुठीत धरले आणि तर्जनीला गुंडाळून घेतले. लहान मूल गुंडाळते तसे. श्वासाची घरघर मंदावली. कपाळावरची आठी गेली.

सगुणाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. कारण त्यांना आठवले. श्रीनू लहान असताना असाच पदर बोटाला गुंडाळल्याशिवाय झोपत नसे. आणि त्या हळूच, कधी हिसडा देऊन, तो ओढून घेत. "लुगडं चुरगळतं रे!" मग पदर खोचून टाकत, तो मुळी हातीच लागू नये म्हणून.

"श्रीनू, मी इथे आहे रे," त्या म्हणाल्या. त्याने डोळे उघडले नाहीत. मग काकुळतीला येऊन त्या ठकूबाईला म्हणाल्या, "सोडव गं त्याचा हात. तो तुझा कोण?"

ठकूबाईच्या डोळ्यांतून धार लागली होती. "मी काय सोडवू, बाई? त्यो माझा पदर धरून नाय बसलेला. तुमचाच हुडकतोय. माझा आपला मदीच घावला त्याला."

उंबऱ्यातून महाराजांचा आवाज आला. "माय, तुझा पदर कुठे आहे?"

सगुणाबाईंचा हात कमरेकडे गेला. गच्च खोचलेला इरकली पदर त्यांनी उपसून काढला, खाटेशी गुडघ्यांवर बसल्या आणि त्याचे टोक मुलाच्या मुठीशी नेले. काय सांगावे! कात्रीला दाद न देणारा तो गाठींचा दोरा लोण्यातून केस निघावा तसा अलगद सुटून आला. ठकूबाईचा पदर मोकळा झाला. श्रीनिवासच्या बोटांनी जुनेर सोडले आणि इरकल धरले.

त्याने डोळे उघडले. कितीतरी वेळाने त्याला आई दिसली. क्षीण आवाजात तो म्हणाला, "आई, लुगडं चुरगळेल."

"चुरगळू दे रे," सगुणाबाई म्हणाल्या. "चुरगळू दे, माझ्या राजा."

तो हसला आणि पुन्हा डोळे मिटले. दिवेलागणीच्या सुमारास त्याचा श्वास थांबला, तेव्हाही पदर मुठीत होता आणि चेहरा निजलेल्या मुलासारखा होता. महाराजांनी यमाला परत धाडले नाही. कुणी तसे मागितले असते तर धाडलेही असते, असे म्हणणारे म्हणतात. पण त्या लेकराला जे हवे होते ते त्याच्या हाती पोचवले. ठकूबाई बाहेर आली तर महाराज दवाखान्याच्या पायरीवर स्वस्थ बसलेले. तांबडेवाडीने त्यांना बसलेले तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

दिवसकार्य उरकल्यावर सगुणाबाई देवळात आल्या आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकल्या. महाराजांनी पाय मागे घेतले. "माय, माझे पाय कुठे एका जागी ठरतात? जी रोज इथे ठरून बसली, तिच्याकडे जा."

सगुणाबाई कोपऱ्यात गेल्या आणि सगळ्या बायकांदेखत ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले. ठकूबाई घाबरी झाली. "अवो बाई, उठा! कुणी बघंल!"

"बघू दे," सगुणाबाई म्हणाल्या. "मला तुझ्याशेजारी बसू दे. तुझी सुई मी ओवून देत जाईन."

त्या दिवशी त्यांनी श्रीनूच्या मुठीतला तो पदर कापला आणि नव्या गोधडीच्या कोपऱ्याला, एक बाजू मोकळी सोडून, शिवला. पदरावरच्या चुण्या त्यांनी मोडल्या नव्हत्या. ती गोधडी कुणा अनोळखी म्हातारीच्या अंगावर पडली. तेव्हापासून तांबडेवाडीच्या प्रत्येक गोधडीला एका कोपऱ्यात असा पदर लोंबता ठेवतात. नव्या माणसाला वाटते, शिवणारी तेवढे शिवायचे विसरली.