चाळीस दिवे खाणारा चोर

बोरपाटण संस्थानच्या राजवाड्यात रोज संध्याकाळी उजेडाची चोरी होत होती. दिवेलागणीला राजेसाहेब दरबारात येऊन बसायचे, विजेचे चाळीस दिवे झळाळायचे, आणि सरकारांनी विडा तोंडात टाकला न टाकला तोच सगळे दिवे पिवळे पडायचे. मग तासभर दरबारी मंडळी एकमेकांना आवाजावरून ओळखायची.

अख्ख्या संस्थानात वीज होती ती या चाळीस दिव्यांपुरतीच. त्यामुळे राजेसाहेबांना ती चोरी फार झोंबली. स्वभाव हट्टी, एकदा मनात घेतलं की घेतलं. "वीजघर शिदबा मिस्त्री सांभाळतो," ते गरजले. "उद्याच्या दरबारात चोर हजर करा, नाहीतर शिदबा तुरुंगात जाईल. आणि चोर सापडला की आम्ही त्याला कढत पाण्यात बुडवणार. हा आमचा शब्द आहे!"

शिदबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची लेक गोजरा मात्र विचारात पडली. वाड्यातल्या दिव्यांच्या काचा पुसायचं काम तिच्याकडे होतं, आणि पुसता पुसता सगळीकडे बघायची सवयही होती. महिन्यापासून सरकारांच्या न्हाणीघराचं धुराडं थंड होतं. धुराचा पत्ता नाही, तरी सरकार रोज दरबार संपला की वाफाळलेल्या पाण्याने आंघोळ करून येत. गोजराला संशय आला. पण बोलायचं कसं?

कारण वाड्याचा एक रिवाज होता. राजेसाहेबांचे आजोबा एकदा न्हाणीघरात घसरून पडले आणि गावभर हसं झालं. तेव्हापासून न्हाणीघराविषयी कुणी अवाक्षर काढायचं नाही, काढलं की नोकरी गेली. पाणी तापलं हेसुद्धा कुणी तोंडाने सांगत नसे, हुजऱ्या पंचा घेऊन दारात उभा राहायचा. परदेशातून आलेलं नवं यंत्र पाणी तापवतं एवढं राजेसाहेबांना ठाऊक होतं. कसं तापवतं, ते विचारायचं तर विषय काढावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. दिवे ठरल्याप्रमाणे पिवळे पडले. त्या अंधुक उजेडात इतर कामं उरकेस्तोवर पाऊण तास गेला.

"कुठे आहे चोर?" राजेसाहेबांनी विचारलं.

शिदबाच्या आधी गोजराच पुढे झाली. "आणलाय, सरकार. पर त्यो अंधारातच घावतोय. समोरची समई र्‍हाऊ द्या, बाकी समदे दिवे मालवा."

"चोर पकडायला अंधार?" दिवाणजी हसले.

"मग काय, दिवाणसाहेब, चोर उजेडात येतोय व्हय?"

राजेसाहेबांना मिशीतल्या मिशीत हसू आलं. दिवे मालवले. पाहुण्यांना दाखवायला म्हणून सिंहासनामागच्या भिंतीवर वीज मोजणारी, एकेका काट्याची दोन घड्याळं बसवली होती. गोजराने समई उचलून त्यांच्यापुढे धरली.

"सरकार, तुमीच वाचा. डावीकडं विजेचा दाब, उजवीकडं वाहणारी वीज."

"शंभर व्होल्ट," राजेसाहेबांनी वाचलं. "आणि हे वीस अँपिअर. अगं, पण दिवे तर सगळे बंद आहेत!"

"त्येच तर. मग ही वीस कोन पितंय?"

दरबारी मंडळी माना उंचावून काट्याकडे बघू लागली. शिदबाने मुलीकडे बघितलं आणि मग हळूच श्वास सोडला.

"आता दाबाला वाहत्या विजेनं भागा, सरकार," गोजरा म्हणाली. "शंभराला इसानं."

"पाच."

"चोर वीज अडवतो ती पाच ओहमनं. आपला एक दिवा दोनशे ओहमनं अडवतो, म्हनून बिचारा अर्ध्या अँपिअरवर भागवतो. ह्या चोराला अडवायचाच कंटाळा. ईल तेवढी आत! आता भागू नका, गुणा. शंभर इसा?"

"दोन हजार." राजेसाहेब आता शाळेतल्या पोरासारखे पटापट उत्तरं देऊ लागले होते.

"दोन हजार वॅट. आपला दिवा खातो पन्नास. म्हंजी हा एकटा चाळीस दिव्यांचं खातो. अन् येवढं खाऊन उजेड देतो का? न्हाई, समदा काळोख. कुठं चाक फिरवतो का? त्ये बी न्हाई. मग खाल्लेलं जातंय कुठं? नुसती ऊब होतीया, सरकार. बिनधुराची ऊब."

"कोण आहे हा हरामखोर? नाव सांग त्याचं!"

"नाव घेतलं तर माझी नोकरी जाईल. पर सजा तेवढी बदला."

"मुळीच नाही. कढत पाण्यात बुडवणार म्हणजे बुडवणार!"

"त्येच म्हनतीय मी," गोजरा मान वाकवून म्हणाली. "त्यो ह्या घडीला बी कढत पाण्यातच बुडालेला हाय. रोज दरबार भरला की तासभर बुडतो. अन् पाणी कढत करतो त्यो बी त्योच. आणिक कसली सजा देणार त्येला?"

राजेसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. इतक्यात उजवीकडचा काटा वीसवरून घसरला आणि शून्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने दारात हुजऱ्या येऊन उभा राहिला. त्याच्या हातावर घडी घातलेला पंचा होता.

राजेसाहेबांनी काट्याकडे पाहिलं, पंच्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"अरे, म्हणजे आमचं न्हाणीघर!"

"नाव सरकारांनी घेतलंय," गोजरा म्हणाली. "मी न्हाई."

मग राजेसाहेब असे काही हसायला लागले की फेटा सावरायला दिवाणजींना धावावं लागलं. "गेली! आमची नोकरी गेली!" ते डोळे पुसत म्हणाले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं, आपल्या अंगावरची शाल शिदबाच्या खांद्यावर घातली, आणि उद्यापासून दिवे मालवल्यावरच चोराला पाण्यात बुडवायचं, असा हुकूम सोडला.

मग ते पंचा घेऊन आत गेले. त्या संध्याकाळी आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. कुठून येत होता, त्याविषयी अर्थातच कुणी अवाक्षर काढलं नाही.