कच्चं लिंबू

फार जुनी गोष्ट. माळावरची काळविटं रोज सांजेला शिवाशिवी खेळत. भिंगरू नावाच्या काळविटाला एकदा अख्ख्या उन्हाळ्यात कुणीच शिवू शकलं नाही. तेव्हापासून त्याने ध्यास घेतला, आपल्यावर राज्य येता कामा नये. खेळ संपला की बाकीची खिदळत लोळत. हा एकटा खडकाळ उतारावर धावत सुटे.

"कुणी सांगितलंय रे एवढं?" आईने विचारलं.

"कुणीच नाही," तो धापा टाकत म्हणाला.

त्याच उतारावर एक दिवस त्याचा पाय मोडला. हाड जुळलं, पण वाकडं.

पुढे तो लंगडत खेळायला आला. एक पाडस मायेने म्हणालं, "भिंगरूदादा, तुम्ही कच्चं लिंबू."

खेळ सुरू झाला. सगळी त्याला वळसा घालून पळत होती, शिवत कुणीच नव्हतं. आता त्याच्यावर कधीच राज्य येणार नव्हतं.