आधी पाणी

कुणाच्या पणजीलाही आठवणार नाही अशा जुन्या काळी, एका रानातल्या तिठ्यावर एका म्हातारीची पाणपोई होती. एक वाट स्मशानाकडे जाई, दुसरी कबरस्तानाकडे आणि तिसरी भिक्खूंच्या टेकडीकडे.

भर दुपारी, पाखरंही गप्प झाली की, तिथे मेलेली माणसं येत. त्यांच्या पायांखाली सावली नसे, त्यावरून म्हातारी ओळखे. कोरड्या घशानं ती माणसं "पाणी" एवढंच म्हणत. पाणी पोटात जाईपर्यंत त्यांना स्वतःचं नावसुद्धा आठवत नसे.

म्हातारी भीत नव्हती. तिची एकुलती एक लेक, तानू, सासरी वारली होती. आईच्या हातचं शेवटचं पाणीही तिला मिळालं नव्हतं. लेक आता कुठे असेल, या विचारानं म्हातारीचा जीव तुटे. म्हणून ती प्रत्येकाला पाणी पाजून विचारी, "बाबा, मेल्यावर माणूस जातं कुठं?"

जानवं घातलेला म्हणाला, "वैतरणी ओलांडून पितरांकडे, आजी."

कफनातला म्हणाला, "कबरीत पडून राहायचं, निवाड्याच्या दिवसापर्यंत."

चीवरातला नुसता हसला. "जाणारं कुणी नसतंच. एका दिव्यावर दुसरा दिवा लागतो, एवढंच."

म्हातारी भडकली. "मेलात, तरी तुमचं एकमेकांशी पटेना!" तिनं पणच केला. आधी खरं उत्तर, मग पाणी.

दुसऱ्या दुपारी तोंडावर पदर ओढलेली एक बाई आली. सावली नव्हती. तिनं ओंजळ पुढे केली.

"पाणी."

"आधी सांग, मेल्यावर कुठं जातात?"

"पाणी..."

"सांगितल्याबिगर थेंब मिळायचा नाही!"

बाई ओंजळ धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग वळली आणि तिन्ही वाटा सोडून रानात शिरली.

धुळीत तिची पावलं उमटली होती. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. लहानपणी तानूची करंगळी जात्याखाली चिरडली होती, आणि तिला मांडीवर घेऊन म्हातारीनंच त्यावर हळद दाबली होती.

"तानू! अगं, पाणी घे!"

रांजणातून ओगराळं भरून म्हातारी धावली. रानातून ओ आली नाही. ओगराळ्यातलं पाणी वाटेतच सांडून गेलं.

पुढे तिनं कुणाला काहीच विचारलं नाही. यथावकाश तीही गेली. पण अजून भर दुपारी त्या तिठ्यावर रांजण भरलेला असतो म्हणतात, आणि दिसत कुणी नाही, नुसता आवाज येतो, "आधी पी गं बाळा, आधी पी."

मेल्यावर माणूस कुठे जातो याची उत्तरं अनेक असतील, पण समोर आलेल्याची तहान एकच असते आणि ती आधी भागवावी.