चाळिसावं पान

“पुन्हा तेच पुस्तक?”

“हो, फादर.”

“गेल्या उपवासकाळात तेच. नाताळात तेच. यंदाही तेच... कपाटात दुसरी पुस्तकं नाहीत का रे, कैतान?”

“असतील. मला काय त्यांचं?”

म्हातारे बस्त्याव फादर चर्चच्या मागच्या पायरीवर बसले होते. उद्या राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. समोरच्या लोखंडी घमेल्यात वाळक्या झावळ्या जळत होत्या. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद घेऊन घरोघर नेलेली झावळी वर्षभर भिंतीवरच्या क्रुसामागे खोचलेली असते. वर्षाने ती चर्चमध्ये परत येते, जळते, आणि तिचीच राख कपाळाला लागते.

रेमेतमावशी आपली झावळी घेऊन आल्या.

“फादर, यंदा मी भांडण सोडलं.”

“वा! कोणाशी?”

“सगळ्यांशी. एक जाऊ सोडून.”

फादर इतके हसले की त्यांना खोकला आला. मावशींनी झावळी घमेल्यात टाकली, कैतानकडे एकदा पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि न बोलताच निघून गेल्या. वर्षभर गाव त्याच्याशी असंच वागत होतं.

कैतान उभाच होता. एकोणीस वर्षांचा, दोन्ही हात केळीच्या चिकाने काळे पडलेले. पुस्तक त्याने छातीशी धरलं होतं.

त्या गावात उपवासकाळात नुसतं सोडून भागत नसे. एक गोष्ट सोडायची आणि चर्चच्या कपाटातलं एक पुस्तक धरायचं, संताचं नाहीतर जुन्या काळाचं, आणि तसं फादरांच्या वहीत लिहवायचं. रोज एकच पान. कितीही जीव कासावीस झाला तरी पुढे डोकवायचं नाही. आणि वाचायचं ते मोठ्याने, घरात जो असेल त्याला ऐकू जाईल असं.

कैतानच्या घरी वाचायचा तो इनास, त्याचा थोरला भाऊ, त्याचा दादूस. कैतानने चौथीतच शाळेला रामराम ठोकला होता. इनास विहिरीच्या काठावर बसून वाची, कैतान केळीची पानं कापता कापता ऐके. हे पुस्तक पाठपोट शेहेचाळीस पानांचं, ईस्टरच्या आदल्या शनिवारी संपणारं. फार जुन्या काळी खाडी ओलांडून या किनाऱ्याकडे निघालेल्या एका संन्याशाची हकिकत. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी इनासने पहिलं पान वाचलं. झावळ्यांच्या रविवारी चाळिसावं.

सोमवारी सकाळी तो विहिरीवरची मोटार लावायला गेला. हात ओले होते...

दुपारी चौघांनी त्याला उचललं.

“बस,” फादर म्हणाले.

“बसायला नाही आलो. वहीत नाव लिहा माझं. हेच पुस्तक. पहिल्यापासून चाळीसपर्यंत.”

“आणि उरलेली सहा पानं?”

“ती नाही.”

“यंदा सोडणार काय?”

“माझ्याकडे उरलंय काय सोडायला?”

फादरांनी काडीने घमेलं हलवलं. ठिणग्या उडाल्या.

“तू तर अक्षर लावून वाचतोस म्हणे.”

“लावतो. बोट ठेवून. एका पानाला अख्खी संध्याकाळ लागते. पण वर्षात सात वेळा वाचलं. सात वेळा, फादर! तुमच्या शिकलेल्या पोरांतल्या एकाने तरी वाचलंय?”

“नाही. एकानेही नाही.” फादरांनी मान डोलावली. “मग सांग, काय चाललंय पुस्तकात?”

कैतानने डोळे मिटले आणि घडाघडा बोलू लागला.

“अवसेची रात्र. भरती. होडी खाडीच्या मधोमध. आत एकोणीस माणसं, एक बाई बाळंतपणाला टेकलेली. सुकाणू मोडलंय. तांडेल म्हणतो, संपलं सगळं. तेव्हा संन्यासी उठून उभा राहतो. सगळ्यांकडे बघतो. आणि म्हणतो...”

“काय म्हणतो?”

“पान संपतं तिथे.”

“अरेरे. म्हणजे वर्षभर बिचारा तोंड उघडून उभा आहे.”

“चेष्टा करू नका!”

कैतान एवढ्या जोराने ओरडला की चर्चच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

“तुम्हाला काय कळणार? मिस्सेला वेदीपुढे उभं राहायचं, चार शब्द सांगायचे, की झालं तुमचं काम! हे बघा. हे बघितलंय कधी?”

त्याने पुस्तक फादरांच्या मांडीवर आपटलं. पहिलं पान उघडलं. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळा डाग होता. दुसऱ्या पानावर डाग. तिसऱ्यावरही. केळीचा चीक एकदा लागला की कापड फाटेल, पण डाग जायचा नाही.

“दादूसचा अंगठा. प्रत्येक पानावर. मी वाचतो ना, तेव्हा आधी इथे अंगठा ठेवतो. मग वाचतो...”

फादरांनी एका डागावरून बोट फिरवलं.

“चाळिसाव्याचा कोपरा उचलून एकेचाळिसाव्याचा बघितला एकदा. कोरा आहे.” त्याचा आवाज खाली आला. “पुढचं त्याने वाचलेलं नाही. मग मी कसा वाचू? बाप गेल्यापासून तो पुढे, मी मागे. शाळेत जाताना, बाजारात जाताना, रात्री विहिरीवर जाताना सुद्धा. मी त्याच्या पुढे कधी चाललो नाही, फादर.”

घमेल्यातला धूर दोघांच्या मधून वर गेला.

“तुमच्या घरची झावळी आली नाही अजून,” फादर म्हणाले.

कैतानने हातावरचे काळे डाग चोळले.

“क्रुसामागे आहे का?”

“नाही.”

“मग?”

कैतानने पुस्तकाकडे पाहिलं. फादरांनी पानं उलटली. चाळिसाव्या पानाशी पुस्तक आपोआप उघडलं. आत झावळीची एक अरुंद पट्टी होती, पिवळी पडलेली. टोकाला इनासने तिचा इवलासा क्रूस विणला होता. त्या रविवारी पान संपल्यावर खूण म्हणून त्यानेच ती घातली होती. कैतानने ‘पुढचं वाच ना’ म्हणून हट्ट धरला, तेव्हा त्याच पट्टीने त्याच्या डोक्यात टपली मारून तो म्हणाला होता, ‘उद्या.’

“फादर...” कैतान पायरीवर बसला. मघाचा सगळा तोरा उतरला होता. “तुम्ही तर वाचलंय. मला नुसतं एवढं सांगा. होडी लागली का किनाऱ्याला?”

“वाच की.”

“वाचणार नाही. तुम्ही सांगा. सांगितलं तर चालतं. मग मी त्याच्या पुढे गेलो असं होत नाही.”

फादरांनी एक अर्धवट जळलेली झावळी आगीत लोटली.

“त्यानेही हेच विचारलं होतं.”

“कोणी?”

“इनासने. झावळ्यांच्याच रविवारी, दिवे लागायच्या वेळी. तू बसलायस त्याच पायरीवर. म्हणाला, फादर, राहवत नाही. धाकटा माझा जीव खातोय. होडी लागते की बुडते, एवढंच सांगा, मी त्याला सांगत नाही.”

कैतान पुढे सरकला.

“मग? सांगितलंत तुम्ही?”

फादरांनी ती पट्टी पानातून अलगद काढली, कपाळाला लावली...

आणि घमेल्यात टाकली.

“नको!”

कैतानने आगीत हात घातला. वाळकी झावळी ती, हात पोचेपर्यंत भुर्रकन पेटली. त्याच्या मुठीत आला तो गरम राखेचा पुंजका. त्याने मूठ उघडली. बोटं भाजली होती, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. तळहातावर विणलेल्या क्रुसाचा आकार क्षणभर तसाच दिसला, मग वाऱ्याने विस्कटला.

तो रडू लागला. चारचौघांसमोर रडला नव्हता, मातीच्या वेळी सुद्धा नाही. आता मात्र लहान पोरासारखा हुंदके देत राहिला.

फादरांनी पायरीवरच्या तांब्यातलं पाणी त्याच्या बोटांवर ओतलं आणि त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने कैतानने नाक पुसलं.

“तुम्ही दादूसला काय म्हणालात?”

“म्हटलं, मी नाही सांगायचा. नेम म्हणजे नेम. शनिवारी पुस्तक संपेल, तेव्हा तूच येऊन मला सांग.”

“पण तुम्हाला तर ठाऊक होतं...”

“होतं.”

फादरांनी पुस्तक उचललं. चाळिसावं पान उलटून एकेचाळिसावं उघडलं आणि ते कैतानसमोर धरलं. पान वाऱ्याने फडफडत होतं.

ते उलटून जाऊ नये म्हणून कैतानने पटकन खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. उचलला, तर कोऱ्या कोपऱ्यावर ओल्या राखेचा काळा ठसा उमटलेला.

तो दचकला. बाहीने पुसायला गेला.

फादरांनी त्याचा हात धरला.

“राहू दे. मोठ्याने वाच, पोरा... वर्षभर वाट बघतोय मी. आणि मी एकटाच नाही.”