हिरवी पट्टी

"मी उठलो की हे मरणार. मरणार की नाही, अक्का?"

मठ सांभाळणाऱ्या अक्का तांदूळ निवडत होत्या.

मंदार केळुसकर एकतीस तास डोंगरावरच्या मठाच्या ओसरीवर ठाण मांडून होता. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला पाठ लावून मठाचं मांजर. मठातल्या पोथ्यांच्या सात हजार पानांचे फोटो दूर शहरातल्या एका मोठ्या संगणकावर होते. तो संगणक एकेक पान वाचून त्यातली अक्षरं उतरवत होता, आणि मंदार डोंगरावरून त्याच्यावर पहारा देत होता. याआधी दोनदा लाइन तुटली. दोनदा अर्धं झालेलं काम जागच्या जागी गार पडलं. या कोपऱ्यात तेवढी रेंज यायची, म्हणून आता त्यानं कोपरा सोडायचाच नाही असं ठरवलं होतं.

तिसऱ्या खेपेला पहिली ओळ मात्र अक्कांनी टाइप करून दिली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, शाळा सातवीपर्यंत. कमांड वहीत उतरवून उतरवून संगणक शिकलेली. मंदार इंजिनीअर. काय टाइप केलंत, हे त्यानं विचारलं नाही. तेव्हापासून पडद्याच्या तळाशी एक हिरवी पट्टी दिसत होती. म्हातारीची हौस, म्हणून त्यानं ती सोडून दिली.

फोन वाजला. कोल्हापूरहून ताई. उद्या सकाळी बाबांचं ऑपरेशन. बाबा सारखे दाराकडे बघतायत. येतोस ना?

"परवा येतो," मंदार म्हणाला आणि फोन ठेवला.

"उद्याचं ऑपरेशन परवा बघायला जाणार होय रे, शहाण्या?"

"अक्का, तुम्हाला नाही कळायचं. हे तिसऱ्यांदा मेलं तर..."

अक्का उठल्या. पदराला हात पुसले. मांजराला उचलून बाजूला ठेवलं. आणि लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

टप्.

...

"एकतीस तास होते ते, अक्का!"

"एकची एसटी आहे. चप्पल घाल."

"मारलंत तुम्ही!"

"चप्पल."

सबंध घाट उतरेपर्यंत तो बॅग छातीशी धरून बसला होता. मनातल्या मनात म्हातारीला नको नको ते बोलून घेतलं. कोल्हापूर आलं तेव्हा शिव्या संपल्या होत्या.

सकाळी बाबांना आत न्यायला आले. बाबांनी त्याचं बोट धरलं होतं, लहानपणी तो त्यांचं धरायचा तसं.

"काम अर्धं टाकून आलास ना रे माझ्यापायी?"

"छे. चालू आहे ते, बाबा," मंदार धडधडीत खोटं बोलला.

बाबा हसले. दारापाशी बोट सुटलं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी बाबांनी चहा मागितला, वर साखर कमी आहे म्हणून कुरकुरही केली. तेव्हा कुठे मंदार डोंगर चढायला निघाला.

अक्का ओसरीवरच होत्या. त्यांनी वही उघडून पुढे केली. एकच ओळ होती.

"हे टाइप कर."

त्यानं लॅपटॉप उघडून केलं.

खाली हिरवी पट्टी उमटली. वर ओळी सरकत होत्या. पान सहा हजार एकशे बारा. सहा हजार एकशे तेरा...

मंदारचे हात कीबोर्डवरच राहिले.

"हे... थांबलंच नव्हतं?"

"पट्टी दिसत होती ना?"

"दिसत होती."

"मग?"

"...विचारलं नाही."

"काम तिकडच्या खोलीत चालतं. तुझ्याकडची ही नुसती खिडकी. आधीच्या दोन्ही वेळी खोलीच नव्हती, सगळं खिडकीतच मांडलं होतंस. ती मिटली की काम मेलं. आता माझ्या त्या पहिल्या ओळीनं खोली बांधली, हिरवी पट्टी ही तिचीच खूण. खिडकी लाव, खुशाल जा, ये, उघड."

मंदारनं लॅपटॉप खाली ठेवला आणि अक्कांच्या पायांवर डोकं टेकलं. बराच वेळ उचललं नाही.

"बाबांशी खोटं बोललो होतो, अक्का. तुम्ही ते आधीच खरं करून ठेवलं होतंत. त्यांनी बोट धरलं तेव्हा मी तिथं होतो... तुमच्यामुळे होतो."

"ऊठ. कंबर दुखेल तुझी."

तो उठला. डोळे पुसले. पडद्याकडे पाहिलं, मग त्या कोपऱ्याकडे.

"पण एक सांगा. मी ते एकतीस तास इथं बसलो होतो, जेवलो नाही, झोपलो नाही. त्याचा कशालाच काही उपयोग झाला नाही?"

अक्कांनी सूप जवळ ओढलं. एक खडा वेचून अंगणात टाकला.

"झाला की. मांजराला ऊब मिळाली."