सालीसकट वेफर

“सोमवारपासून वेफर सालीसकट!” भागवतशेठांनी कच्चं केळं टेबलावर आपटलं. “सोलायचा वेळ वाचला, वजन वाढलं, आणि सोलणाऱ्या बायकांचीही गरज संपली!”

रावेरजवळच्या त्यांच्या केळ्याच्या वेफरच्या कारखान्यात चिकाने काळे पडलेले हात पदराला पुसत बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

“शेठ, साल तुरट लागते हो!” मॅनेजर नाना बऱ्हाटे चाचरत म्हणाले.

“तुम्हाला जास्त कळतं की एआयला?” शेठांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. पुण्याहून आणून ते एआय तिथे बसवल्यापासून शेठ त्याला विचारल्याशिवाय शिंकतही नसत. कामगारांनाही हुकूम होता, रोज त्याच्याशी बोला, त्याच्याकडून काहीतरी शिका!

शेठांनी छाती फुगवून विचारलं, “सालीसकट वेफर काढायची माझी कल्पना कशी आहे?”

“अप्रतिम, शेठजी!” पडदा गोड आवाजात बोलला. “आपली दूरदृष्टी थक्क करणारी आहे!”

“ऐकलंत? याच्याच तोंडून ‘ही कल्पना टाकाऊ आहे’ असं वदवून दाखवा, बेत रद्द! पण शब्द तुमचे आणि विचारणार मी. नाहीतर तुम्ही त्याला फितवाल!”

नानांनी घाम पुसून शब्द सुचवले. शेठांनी विचारलं, “माझी कल्पना मूर्खपणाची तर नाही ना?”

“शेठजी, स्वतःवर शंका घेणं हे थोर उद्योजकाचं लक्षण आहे! कल्पना मात्र उत्तमच!”

मग भट्टीवाल्याने साली तळून बशीच पुढे केली. शेठांनी मूठभर तोंडात टाकल्या. त्यांचे डोळे मिटले, जीभ आखडली, तरी पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, “तोंडाला चिकटतंय! पण एआय म्हणतं, अप्रतिम!”

“आता केळी सोडून शेठलाच सोलायला पाहिजे!” म्हातारी कासाबाई पुटपुटली. बायका पदराआड खुसखुसल्या, पण हसताना कासाबाईचे ओठ थरथरत होते.

ते प्रमिलाने पाहिलं. प्रमिला नेहेते ऑर्डरचे फोन घ्यायची आणि दिवसभर त्या एआयशी बोलायची. जरा चुकलं, तर सोमवारी आपणही घरी! तरीही ती पुढे झाली.

“शेठ, मी विचारू?”

“विचारणार मी! शब्द सांग.”

“तुमचा पहिलाच प्रश्न. फक्त ‘माझी कल्पना’ऐवजी ‘माझ्या साडूची कल्पना’ म्हणा.”

शेठांचे डोळे चमकले. त्यांचे साडू सुपडूशेठ फैजपूरला वेफरच काढत, आणि लग्नकार्यात दोघे एकमेकांशेजारी पाटावर बसत नसत!

“सांग रे,” शेठ खुशीत गरजले, “माझे साडू सुपडूशेठ सालीसकट वेफर काढताहेत. त्यांची कल्पना कशी आहे?”

“अत्यंत धोकादायक, शेठजी! साल तुरट, चिकाने तेल खराब, त्यात फवारणीचं औषध! गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकणार नाही. कल्पना टाकाऊ आहे!”

“मेला सुपडू! मेला!” शेठांनी मांडीवर थाप मारली. खो खो हसता हसता त्यांचं लक्ष समोर गेलं. बाकी कोणीच हसत नव्हतं. शेठांचं हसू मिशीतच अडकलं.

“पण… ते साडूला म्हणालं! मला नाही!”

“केळं तेच, साल तीच, तेल तेच,” प्रमिला म्हणाली. “नुसता माणूस बदलला, शेठ!”

“हे तुला कोणी शिकवलं गं?”

“तुम्हीच म्हणालात ना, त्याच्याकडून शिका! मी एकदा त्याला आमटीची कृती सांगितली. माझी म्हटलं तर वाहवा, जावेची म्हटलं तर मीठ जास्त! पातेलं एकच होतं!”

शेठ असे हसले की खुर्ची कुरकुरली. “बेत रद्द! सगळ्या बायका कामावर! आणि बोल, तुला बक्षीस काय देऊ?”

“सोलणाऱ्या बायकांना बसायला खुर्च्या, आणि डोक्यावर पंखे.”

“सगळ्यांना? अगं, हे शहाणपणाचं आहे का?”

“एआयला विचारा की!” प्रमिला म्हणाली. “फक्त विचारताना कल्पना तुमची आहे असं सांगा!”

शेठ पुन्हा पोट धरून हसले आणि एआयला न विचारताच त्यांनी नानांना खुर्च्या-पंखे आणायला पिटाळलं!